प्रीतीचं तांबं

१० जाने., शुक्र.
तांबं आज पुन्हा वर. या आठवड्यात रोजच वर. मी दिवाळीत विकलं. थोडा नफा झाला, त्यात विजयला घड्याळ घेतलं आणि स्वतःवर खूश होते. आता त्या भावाच्या जवळजवळ तिप्पट. आणि प्रीतीकडचं सगळं जागेवर.
कंपनी शोधली मी. तांब्याची खाण, कर्ज कमी, पुढे विजेच्या गाड्यांना तांबं लागणार, हे सगळं मी वाचून काढलं. प्रीतीला डिमॅट उघडून दिलं ते इथेच, या डायनिंग टेबलावर. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो हेही तेव्हाच शिकवलं. धाकटी जाऊ, शिकू दे म्हटलं. तिने माझं बघून शेअर घेतले आणि पुढे ॲप उघडलंच नाही. पासवर्ड विसरली होती, म्हणून विकले नाहीत.
याला अक्कल म्हणायची?
माझा पवनचक्क्यांचा शेअर आजही खाली. विकायला लावला. घेणारा नाही.

१९ जाने., रवि.
विचुंब्याला प्रीतीकडे हळदीकुंकू. वाण म्हणून तांब्याच्या वाट्या. गेल्या वर्षीपर्यंत प्लॅस्टिकचे डबे असायचे. नवा सोफा, मोतिया रंगाचा. हळदीची बोटं लागतील म्हणून सगळ्या जपून बसत होत्या. लागू देत, असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं.
सासूबाई सोसायटीतल्या बायकांना सांगत होत्या, आमच्या प्रीतीला शेअरबाजारातलं कळतं. मी समोरच बसलेली. एकीने प्रीतीला विचारलं, आता काय घ्यावं? तर ही म्हणाली, "मला कुठे काय कळतंय? सगळं ताईंनी शिकवलं." मग ती बाई माझ्याकडे वळली. तुमचे तर खूपच झाले असतील? तोंडात तिळगूळ होता, त्यावर निभावलं.
प्रीती 'मला कळतं' म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागवायला जागा तरी मिळाली असती.

२० जाने.
विजयला बोलून दाखवलं. म्हणाला, घरातच आले ना पैसे, महेश भाऊच आहे माझा. तुझा भाऊ, हो. मला काय त्याचं?
इतकी वर्षं दहावीच्या मुलांना चक्रवाढ व्याज शिकवतेय. ट्यूशनचे पैसे साठवून साठवून पवनमध्ये घातले. आणि हिला शेकडेवारी काढायला फोनचा कॅल्क्युलेटर लागतो.
वाट्या माळ्यावर टाकल्या.

३ फेब्रु.
पवनच्या लहान भागधारकांचा एक ग्रुप आहे, तळोज्याच्या केमिकल कंपनीतले शेखभाई चालवतात. त्यांनी आज कंपनीच्या ऑफिसला फोन लावला होता. कुणी उचलला नाही. मालकांनी स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत म्हणे. शेखभाईंनी शेवटी लिहिलं, सब्र करा, आपण सगळे एकाच होडीत आहोत.
ते खरंच शांत आहेत. त्यांच्या घरात दुसरं कुणी श्रीमंत झालेलं दिसत नाही.

९ फेब्रु., रवि.
जे झालं ते लिहून ठेवते.
सकाळी तांब्याचे तिमाही निकाल वाचत बसले होते. माझ्याकडे त्यांचा एकही शेअर नाही तरी वाचते, खोड आहे. खाली बारीक अक्षरात टीप: मोठ्या खाणीचा परवाना संपत आलाय, नूतनीकरण अजून मिळालेलं नाही. कुठल्या बातमीत नाही, कुणी बोलत नाही.
दुपारी प्रीतीचा फोन. महेशचं म्हणणं, आता सगळं विकू आणि मोठा फ्लॅट बुक करू. त्याला उरणला शिफ्टला जाणं सोपं पडेल अशी एक जागा बघितलीय. तीन बेडरूम. सासूबाईंना वेगळी खोली. "ताई, तुम्ही म्हणाल तसं करते."
टीप डोळ्यांसमोर होती. तीन बेडरूमही डोळ्यांसमोर आल्या.
मी म्हटलं, "ठेव. अजून वर जाईल."
ती लगेच बरं म्हणाली. एक प्रश्न नाही विचारला.
नंतर चहा केला, प्यायले नाही. मी खोटं कुठे बोलले? वर जाऊही शकतो. पण मला तो वर जाईल असं वाटत नव्हतं, आणि म्हणूनच

२० फेब्रु., गुरु.
वर गेला.
चांगलाच गेला. प्रीती पेढे घेऊन आली, विचुंब्याहून रिक्षाने, खास. वाकून नमस्कार केला मला. म्हणाली, महेशचं ऐकलं असतं तर केवढं नुकसान झालं असतं, तुम्ही होतात म्हणून. पेढा तिने स्वतः भरवला.
वाईट चिंतलं तरी हिचं भलंच होतं. माझ्या हातून माझं मात्र होत नाही.
निघताना चपला घालता घालता सांगितलं: दागिने गहाण ठेवून अजून घेणार आहे, सोमवारी. महेशला एवढ्यात सांगायचं नाही. मी काही बोलेपर्यंत रिक्षात बसलीसुद्धा.

२३ फेब्रु., रवि.
दोन दिवस जेवण गेलं नाही. विजयला वाटलं पित्त. आज प्रीतीला फोन केला.
सगळं सांगितलं. म्हणजे टिपेचं सांगितलं. परवान्याचं. म्हटलं, नवे घेऊ नकोस, असलेले विकून टाक, फ्लॅट घ्या.
प्रीती म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच ठेव म्हणालात. तेव्हा नव्हती का टीप?"
मी म्हटलं, तेव्हा नीट वाचलं नव्हतं.
"राग मानू नका. पण तुमचेही तुम्ही असेच घाबरून विकलेत ना. मागे आई म्हणाल्या होत्या, मोठीला हल्ली बघवत नाही. मी त्यांना गप्प केलं होतं."
आवाज चढला नव्हता तिचा. मी फोन ठेवला.
आयुष्यात एकदा तिच्या भल्याचं मनापासून बोलले, तर

२५ फेब्रु.
काल तिने घेतले की नाही, माहीत नाही. विचारू कुणाला? विजयला सांगावं तर ९ तारखेचंही सांगावं लागेल.
तांबं स्थिर. पवन खाली.
दहावीच्या मुलांची उजळणी. एका सोप्या गणितात माझंच उत्तर चुकलं.

२७ फेब्रु., गुरु.
काल महाशिवरात्र, बाजार बंद. विजय एकटाच देवळात जाऊन आला, मी घरीच.
सकाळी शेखभाईंनी ग्रुपवर, पवनचा काही संबंध नसताना, तांब्याच्या खाणीबद्दल एक बातमी टाकली. परवान्याचा निकाल आज लागणार. कोणत्या बाजूने, ते नाही.
अंघोळ करून आले तर प्रीतीचे तीन मिस्ड कॉल. खाली मेसेज: ताई, बोलायचं होतं. बस्स एवढंच. रडून लिहिलंय की हसून, यावरून कळत नाही.
फोन हातात घेतलाय.
आधी भाव बघते. मग करते.