वायर काढून ठेव

सोनालीचे पप्पा, जय भीम.

पाच महिने झाले, रोज सकाळी चहाच्या आधी तुमच्या गाडीची चावी फिरवतेय मी! एक दिवस खाडा न्हाई. अंगात ताप होता तरी उठले. पावणे आले तर त्यांना बसा म्हणून बाहेर गेले. पाच मिनिटं गाडी घुरघुरू द्यायची, बंद करायची, बोनेटवरून फडकं मारायचं आन् मग चूल. आन् एवढं करून सोमवारी तुमची बॅटरी मेली! चावी फिरवली की नुसतं टक् टक् टक्. आता कुणावर ओरडू मी? तुमच्यावरच ओरडणार की. दुसरं कोण हाय मला ओरडायला?

पत्र कशाला लिहिते म्हणताल. इतके दिवस तोंडानंच बोलत होते. दुपारी सोनाली कॉलेजला गेली की मी गाडीत जाऊन बसायची, तुमच्या बाजूच्या शीटवर. तुमच्या शीटवर एकदा बी बसले न्हाई, तेवढं ध्यानात ठेवा. दार लावलं की जीव घुसमटतो म्हणून दार उघडं ठेवून बसायची आन् तुमच्याशी भांडायची. शेजारणीनं सोनालीला सांगितलं, "तुझी आई गाडीत एकटीच हातवारे करती." पोरगी रडली लई. म्हणून तोंड बंद केलं आन् तिच्या वहीची पानं फाडली. चौथीपर्यंतची शाळा माझी. अक्षरं वाकडी हायत, ती तुमच्याच घरात वाकडी झाली. चुका काढत बसू नका, वाचा.

गाडी विकायची ठरवली म्या. बबन भावजींनी उदगीरचं एक गिऱ्हाईक आणलं. सोनाली म्हणते, "विकू नको, मी चालवायला शिकते." मी म्हणले, "तू रस्त्यावर गाडी घाल, आन् मी परत दवाखान्याच्या पायऱ्या चढते. जमंल का?" तुम्ही असता तर तिला शिकवलं असतं, ठाऊक हाय मला. पण तुम्ही न्हाई ना! मग निर्णय माझाच.

सोमवारी ते गिऱ्हाईक गाडी बघायला आलं. भावजींनी मोठ्या रुबाबात चावी फिरवली. टक् टक् टक्. गिऱ्हाईक हसलं. म्हणलं, "बाई, गाडी तर झोपली. उठवून ठेवा, रविवारी येतो." त्याचं हसणं मला सुईवानी टोचलं. दहा-बारा वर्षं अहमदपूरच्या स्टँडवर ह्या गाडीला कुणी हसलं न्हाई. लातूरच्या शिकवणीला पोरी सोडायच्या तर त्यांचे आई-बाप म्हणायचे, ह्यांच्याच गाडीत जा. आन् आज कुणीबी यावं आन् हसावं!

मग खलीलभाईला बोलावलं. तुमचा तो बॅटरीवाला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल लावून चालू करून बघितली त्यांनी, मग आपली बॅटरी काढून हातात घेतली आन् माझ्याकडं असं बघितलं, जणू म्या कुणाचा खून केलाय.

"भाभी, काय केलं हे?"

"काय केलं म्हणजे? रोज चालू केली! पाच-पाच मिनिटं."

"आन् रस्त्यावर किती पळवली?"

"मला येती का चालवता?"

कपाळावर हात मारला त्यांनी. "अहो भाभी, चावी फिरवायलाच सगळ्यात जास्ती करंट लागतो. पाच मिनिटात तेवढा परत भरत न्हाई. रोज म्हशीची धार काढली तुम्ही, आन् चारा कुठाय? अर्धा-पाऊण घंटा रस्त्यावर पळाली असती तर चारा पडला असता."

मी म्हणले, मला कोण सांगणार हे? मला वाटलं गाडी चालू केली की बॅटरी भरते. सगळे असंच म्हणतात. खलीलभाई म्हणले, उभ्या गाडीत बी घड्याळ, लॉक, टेप थोडा थोडा करंट पीतच राहतात. मग दाराच्या वरचा तो बल्ब त्यांनी बोटानं दाखवला. "आन् हा? दार उघडं ठेवून कोण बसायचं?" म्या ते दार लावून टाकलं. जपायला गेले ते मीच मारलं म्हणायचं. दुपारी बसून मारलं, सकाळी उठून मारलं!

खलीलभाई वाईट मनाचा माणूस न्हाई. बॅटरी दुकानात न्हेऊन दोन दिवस हळूहळू चार्जिंगला लावतो म्हणले. "उठली तर उठली. न्हाईतर जुनी दुसरी टाकू, गिऱ्हाइकाला कळायचं न्हाई." मी म्हणले, तसलं काय करायचं न्हाई. ह्यांच्या गाडीत लबाडी न्हाई चालायची. तर म्हणले, "ठीक हाय भाभी." आन् बॅटरी उचलून निघाले. फाटकापर्यंत गेले आन् वळून जे बोलले ना, तेव्हापासून अन्न गोड लागंना मला.

म्हणले, "बॅटरीची वायर काढून ठेवली असती तर हे झालंच नसतं. भाऊ तर कायम काढायचा."

मी म्हणले, "कायम कुठं? लॉकडाऊनला तेवढी काढली होती."

"तेच म्हणतो. पंधरा दिवसाच्या वर गाडी उभी राहणार असंल, तरच. दोन-चार दिवसाला भाऊ हात बी लावायचा न्हाई. वायर काढली की घड्याळ एकवर येतंय म्हणून."

घड्याळ! अहो, ते घड्याळ मला ठाऊक न्हाई का? मुद्दाम दहा मिनिटं पुढं लावलेलं. नांदेडच्या रेल्वेचं गिऱ्हाईक घरातून निघायला वेळ लावायचं, बाई पदर सारखा करायची, म्हातारा चष्मा हुडकायचा. तुम्ही काचेतून आत बोट दाखवायचे, "घड्याळ बघा, गाडी सुटती!" सगळे पळत येऊन बसायचे. स्टेशनवर पोचले की दहा मिनिटं शिल्लक. मग तुम्ही हसायचे. ती दहा मिनिटं मागं-पुढं करायला बारीक बटणं, तुमची जाड बोटं. अर्धा घंटा शिव्या देत बसायचे त्या घड्याळाला. म्हणून वायर काढायचा तुम्हाला कंटाळा. खरं हाय खलीलभाईचं.

लॉकडाऊनला तुम्ही कंटाळा केला न्हाई. पहिल्याच दिवशी बोनेट उघडलं, दहा नंबरचा पाना घेतला, काळी वायर सोडवली आन् माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी तिच्या तोंडाला बांधली. मी म्हणले, "अहो, टीव्हीवर तर एकवीस दिवस म्हणून राहिले." तुम्ही म्हणले, "हे लांबणार. मला कळतंय." आन् खरंच लांबलं. पुढं मोकळीक झाली तेव्हा सगळ्या गल्लीतल्या गाड्या ढकलून ढकलून माणसं घामाघूम, आन् तुमची एका चावीत चालू! किती मिरवले होते तुम्ही. धक्का मारणाऱ्यांना पाणी पाजत मिरवले.

आता माझं ऐका.

तुम्ही लातूरला ॲडमिट झाले ते हर्नियाच्या ऑपरेशनला. तिसऱ्या दिवशी सोडतो म्हणले होते डॉक्टर. भावजी तुमच्याजवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तुमचा. माझे हात पिठात. फोन खांद्यात धरला. कसं हाय, जेवलात का, काय विचारलं न्हाई तुम्ही. एकदमच म्हणले, "एक काम कर. दहा नंबरचा पाना डिक्कीत हाय. काळी वायर काढून ठेव."

आन् मी काय बोलले? आठवतं का तुम्हाला? मला तर शब्द न् शब्द आठवतो. मी म्हणले, "तीन दिवसासाठी वायर काढायला गाडी काय दुबईला चालली का? दवाखान्यात पडून बी गाडीचाच घोर! बायको-पोरीचं विचारावं जरा. आल्यावर तुमचं तुम्ही काढा." तुम्ही म्हणले, "कमल, ऐक तर..." आन् म्या फोन ठेवला.

परत वाजला. उचलला न्हाई. भाकरी तव्यावर होती म्हणून न्हाई उचलला, असं माझं मलाच सांगत आले. खरं सांगू? रागानं न्हाई उचलला.

त्याच दिवशी दुपारी छातीत दुखलं म्हणून तुम्हाला आतल्या खोलीत न्हेलं. तिथं फोन चालत न्हाई. मी आले तेव्हा तोंडात नळी. नऊ दिवस नळी. मी काचेतून बघायची. तुम्ही बोलले न्हाई ते न्हाईच. तुम्ही गेले, मेणबत्ती लावून वंदना झाली, तुमच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, सगळे पावणे गेले, आन् वायर लावलेलीच राहिली.

म्हणजे काय हो? पंधरा दिवसाच्या वर गाडी उभी राहणार असंल तरच तुम्ही वायर काढता. मग तीन दिवसाच्या ऑपरेशनला कामून काढ म्हणले? तुम्हाला कळलं होतं का? डॉक्टरांनी सांगितलं होतं का काही? का आतून कळतं माणसाला? "मला कळतंय" म्हणायचे ना तुम्ही! जे सांगायचं ते वायरीतून सांगत होते का मला? एवढी आडवळणानं बोलायची सवय कधीपासून लागली तुम्हाला? सरळ का न्हाई म्हणले, "कमल, मला भ्या वाटतंय, तू ये"? आले असते की! एसटीनं दोन घंट्यात आले असते. पिठाचे हात घेऊन आले असते.

का तसं काय बी नव्हतं? नुसता तुमचा गाडीचा घोर होता? सारखं सारखं बोनेट पुसणारा माणूस, पडल्या पडल्या गाडीच आठवली असंल. तसं असंल तर मी उगंच मरून राहिले. कोणतं खरं धरू?

काल भावजी आले तेव्हा विचारलं. "भावजी, त्या दिवशी सकाळी डॉक्टर आले होते का? ह्यांना काय बोलले?" भावजी चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसले. मग म्हणले, "वहिनी, आता ते काढून काय करायचं?" हाव न्हाई म्हणले, न्हाई न्हाई म्हणले. मी म्हणले, "म्हणजे बोलले होते!" तर म्हणले, "मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो." चहा! तुमच्या सगळ्या भावांना वेळेवर चहाच लागतो. पण माणूस खोटं बोलत होता का रडू दाबत होता, मला कळलं न्हाई. ओरडले त्यांच्यावर. न जेवता गेले.

सोनाली म्हणते, "आई, पप्पांना काही ठाऊक नव्हतं. तू नको विचार करू." तिला बापाची लेक व्हायचंय, मला समजावायचंय. तिच्या समजावण्यानं माझं पोट भरत न्हाई. तिला ठाऊकच न्हाई की परत फोन वाजला होता. तुम्ही सोडून कुणालाच ठाऊक न्हाई. आज पहिल्यांदा लिहिलं.

रात्रंदिवस एकच घोळतं. दुसऱ्या फोनला काय सांगणार होते तुम्ही? वायरीचंच? का पुढचं काही? त्या फोनच्या पलीकडं काय होतं, ते आता कुण्या खलीलभाईला बी उघडून बघता येत न्हाई. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. काय बी चाललं असतं!

खलीलभाईंनी सकाळी बॅटरी आणून बसवली. उठली. पूर्ण न्हाई, पण उठली. "भाभी, रविवारपर्यंत वायर काढून ठेवू का?" म्हणले. मी म्हणले, "मी काढते." दहा नंबरचा पाना डिक्कीतच होता, तुम्ही म्हणले तिथंच, पिवळ्या फडक्यात. काळी वायर काढली. हाताला काळं लागलं. लई सोपं काम निघालं हो. दोन मिनिटांचं बी न्हाई. एवढ्या कामाला मी तुम्हाला दुबईची गोष्ट ऐकवली!

तर एक शब्द देते तुम्हाला. तुम्ही कसंबी सांगा, पण सांगा. मी सगळं ऐकून घेईन. मधी एक अक्षर बोलणार न्हाई, फोन ठेवणार न्हाई, खरं ते कितीबी वाईट असू दे.

रविवारी सकाळी दहाला उदगीरचं गिऱ्हाईक येतंय. मग गाडी जाईल, ही शीट जाईल, मग तुम्हाला विचारायला मी कुठं बसू? म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंतच वेळ देते. तुम्हाला ठाऊक होतं का न्हाई? हाव का न्हाई, एवढंच. शनिवारी संध्याकाळपर्यंत.

तुमची,
फोन न उचललेली
कमल