एका पानाचा इंग्रजी सारांश

चिखली, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल स्वतःचीच क्षमा मागते. लिहिण्याचा अधिकार आज मी गमावला आहे.

सर्व भारतीय भाषांसाठी असलेल्या एका पुरस्कारासाठी माझा कथासंग्रह पाठवायचा होता. पुस्तक मराठी चालते, पण सोबत एका पानाचा इंग्रजी सारांश हवा. पहिली निवड त्यावरूनच होते. मराठीत बोर्डात पहिली आलेली मी त्या पानापुढे चार दिवस नुसती बसून राहिले. शेवटी शेजारच्या सायलीताईकडे गेले. ती आयटीत आहे.

"मुख्य कथा कशावर आहे? एका ओळीत सांग."

मी सांगितले, आई निघोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथे जिला कामावरून कमी करतात, तिला त्या दिवशी बाकीच्या बायका स्वतःचा डबा उघडू देत नाहीत; प्रत्येकीच्या डब्यातला पहिला घास तिचा. कोणी काही बोलत नाही. एवढेच.

"म्हणजे विमेन एम्पॉवरमेंटच की गं," ताई म्हणाली आणि तसेच लिहिले.

तो न उघडलेला डबा सारांशात कुठेच नाही. मी अडवायला हवे होते. का अडवले नाही? माझ्याजवळ दुसरे इंग्रजी वाक्य नव्हते, म्हणून?

"आमच्या डब्याचं लिवलंस का गं?" आईने विचारले. मी हो म्हणाले.

"बरं केलंस. तेवढं कळलं पायजे त्यायला."

निवड झालीच, तर ती ताईच्या पानाची. नाही झाली, तर आईचा डबा कोणी नाकारलेलाही नसेल. तो कोणापर्यंत पोहोचलेलाच नसेल.

पाठवले: १२ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटे.