लेकीच्या घरचं पाणी

नॉटिंगहॅम,
१८ फेब्रुवारी १९९६

प्रिय नंदा,

या खेपेला तुझ्याकडून नेहमीसारखं चित्र छापलेलं कार्ड आलं नाही, पाकीट आलं. तुझी आई पोळ्या लाटत होती. पाकीट पाहून तिनं गॅस बंद केला, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, ‘वाचा मोठ्यानं.’ मी वाचलं, शेवटची ओळ सोडून. त्याला आज आठ दिवस झाले. पाकीट माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. त्यातल्या मजकुराकडे मी येतो, पण जरा लांबच्या वाटेनं येऊ दे. माझी सवय तुला ठाऊक आहे.

त्रिनिदादहून तू पाठवलेली अकरा कार्डं देव्हाऱ्याशेजारी ओळीनं लावली आहेत. पूजा करताना नजर तिकडे जाते. देवाला राग येत नसावा. कार्ड आलं की त्या शनिवारी मी लायब्ररीत जातो आणि त्या जागेबद्दल सापडेल ते वाचतो. तिथल्या बाई आता मला बघूनच वेस्ट इंडीजच्या कपाटाकडे बोट करतात. डांबराच्या तळ्याबद्दल मी असंच वाचलं. शंभर एकरांचं तळं, लोक त्यावरून चालतात, आणि डांबर खणून काढलेला खड्डा आपोआप भरून येतो. सायकलच्या कारखान्यात माझ्या शेजारी चाकं जोडणाऱ्या श्रीकांतला मी हे सांगितलं, तर तो म्हणतो, ‘आप्पा, तिकडं गाईड म्हणून लागा की, इथं कशाला आरे आवळत बसलाय!’ तुझी आई याहून टोचून बोलते. ‘सगळं बेट पाठ झालंय तुम्हाला, लेकीचं घर तेवढं सोडून.’

उसाच्या मळ्यांच्या कार्डावरून तिथला इतिहास वाचला. आधी आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेली माणसं ऊस तोडायची. गुलामगिरी उठली, तेव्हा १८४५ पासून आपल्या देशातली गरीब माणसं करारावर जहाजातून नेली. मी शाळा सुटल्यावर ऊस तोडलाय, नंदा. पाचट मनगटाला कसं चिरतं ते मला पुस्तकातून कळायला नको. ते पान वाचताना वाटलं, तुझ्या नवऱ्याच्या, कर्टिसच्या पणजोबाच्या हाताशी माझ्या हाताची ओळख जुनीच निघेल. मग त्या कर्टिसनं केलेला चहा मी का घेत नव्हतो?

नव्हतोच घेत. तुम्ही दोघं इथं राहत होता तेव्हा दर रविवारी मी माझा थर्मास घेऊन यायचो. मूल होईपर्यंत बापानं लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत मी जावयाला पहिल्याच दिवशी समजावली. तो मास्तर माणूस. ‘नियम म्हणजे नियम, आप्पा,’ असं इंग्रजीत म्हणून हसला. निघताना थर्मास मला घासूनपुसून परत मिळायचा. घासायचा तो. तू तेवढ्या वेळात आतल्या खोलीत जायचीस, हे मी पाहत होतो.

तुझ्या आईनं रीत कधी पाळली नाही. दोन वर्षांपूर्वी तिकडं येऊन ती तीन आठवडे पोटभर जेवून गेली. ‘मी पोटात वाढवलीय तिला, मला नियम सांगू नका.’ मला तू तीनदा बोलावलंस. तीनदा मी लिहिलं, नातवंड झालं की येतो. खरं ते आज लिहितो. तुझ्या लग्नाला मी उभा होतो, पण मनानं उभा नव्हतो. गावाकडच्या पत्रात जावयाचं नाव लिहायला मला वर्ष लागलं. रीत मला आयती सापडली, मी तिच्याआड बसलो.

ही रीत मी शिकलो तुझ्या आजोबांकडून. माझी थोरली बहीण, आक्का, चार कोसांवर दिलेली. आजोबा तिला भेटायला जायचे ते फडक्यात भाकरी बांधून, आणि वेशीवरच्या मारुतीच्या देवळात बसून खायचे. आक्का पायरीवर बसून बघायची. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढं करता येत नसे. तिला मूल झालंच नाही. बावीस वर्षं हे असं चाललं. आजोबा गेले तेव्हा दहाव्याच्या पिंडाचा भात तिनं शिजवला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, आत्मा तृप्त झाला. आक्का म्हणाली, ‘माझ्या हातचं कावळ्यानं खाल्लं. बापानं नाही खाल्लं.’

मागच्या कार्डावर तू समुद्रातलं देऊळ पाठवलंस. एका मजुरानं किनाऱ्यावर देऊळ बांधलं; जमीन साखर कंपनीची, म्हणून कोर्टानं त्याला शिक्षा केली आणि देऊळ पाडलं. मग त्यानं समुद्रातच भर घालायला घेतली, कारण समुद्र कंपनीचा नव्हता. सायकलवरून दगड वाहत वर्षानुवर्षं. ती सायकल आमच्या कारखान्यातली असेल का, असं मनात आलं. त्याला कोर्टानं अडवलं तरी तो देवापर्यंत पोहोचला. मला तर कुणी अडवलंही नव्हतं.

आता पाकिटाकडे येतो. ऑपरेशनचं तू लिहिलंस, डॉक्टर मूल होणार नाही म्हणाले तेही लिहिलंस. आईला वाचून दाखवता आली नाही ती ओळ अशी: ‘म्हणजे आप्पा, आता तुम्ही माझ्याकडे कधीच जेवणार नाही.’ तिनं माझ्या हातून कागद घेऊन ती वाचली. रडली नाही. ‘दुसरी आक्का,’ एवढंच म्हणाली. पोरी, सहा एप्रिलची तिकिटं काढली आहेत, दोघांची. तळं, मळे, देऊळ सगळं नंतर. विमानतळावरून सरळ घरी ने. पाण्याचा तांब्या तूच हातात दे, चहा कर्टिसला करू दे, आणि पिठलं-भात टाक; मिरची हवी तेवढी घाल. वाढायला लागलीस की नको म्हणणार नाही. थर्मास कालच श्रीकांतला देऊन टाकला.

तुझाच,
आप्पा