माझ्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुमच्याशी भांडायचं म्हणून लिहायला बसलोय. तेही धड जमणार नाही, माहीत आहे. पंचवटीतल्या तुमच्या तालमीला मी नामपूरहून नवाच आलेलो. पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला एकच वाक्य, ‘घरात कोणी आहे का?’, आणि मी ठणठणीत आवाजात म्हणालो, ‘घरात कोणी शे का?’ सगळी मंडळी पोट धरून हसली. तुम्ही हसला नाहीत. “शे गावी ठेवून ये, मग स्टेजवर चढ,” एवढंच म्हणालात. मग रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी मोठ्याने पेपर वाचतोय, काकू मेथी निवडतायत, आणि तोंडातून अहिराणी निसटली की तुम्ही माझ्यासमोरचा चहा उचलून स्वतः पिताय. “अहो, पिऊ द्या की त्याला!” काकू म्हणायच्या. “आधी जीभ वळू दे,” तुम्ही. वळली, सर. चांगलीच वळली. त्याच जिभेवर नाटकं मिळाली, मग मालिका, सिनेमे, बक्षिसं. आता लोक रस्त्यात थांबवून सेल्फी मागतात.

गेल्या वर्षी एका सिनेमात बागलाणातला कांद्याचा अडत्या करायला मिळाला. आयुष्यभर वाट पाहिलेली भूमिका. माझे वडीलच म्हणा ना. संवाद सगळे अहिराणीत. म्हटलं, हे तर घरचंच! कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि बातम्या वाचल्यासारखं बोलायला लागलो. दिग्दर्शिका भिडस्त, तरी म्हणालीच, “सर, शिकून बोलताय असं वाटतंय.” मग नामपूरच्या मार्केटात जाऊन बसलो. एका म्हाताऱ्याशी अहिराणीत बोलायला गेलो, तर तो शुद्ध मराठीत विचारतो, “कुठून आलात साहेब?” काय बोलणार, कप्पाळ! शेवटी सटाण्याकडच्या एका नटाकडून माझे संवाद डब करून घेतले. चेहरा माझा, बोलणं त्याचं. फार लागलं मला ते. तुमचा राग आला, खूप आला.

सिनेमा नाशकात लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. माझं काम बघून ती आजवर कधी काही बोललेली नाही. नाटक संपलं की पदर सारखा करायची आणि घरी चल म्हणायची. त्या दिवशी मध्येच तिने माझा हात घट्ट धरला. “कितला दिनमा तुना आवाज ऐकू उना रे,” म्हणाली. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला म्हणून रडत होती, सर. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून सांगतो. तो आवाज माझा नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.