सोन्यात दिसणारी खोली

११ जून २०१८, लातूर
थेट उच्च न्यायालयात दाद मागावी असा अन्याय आज माझ्यावर झाला. दुकानाच्या मालकांनी मला गुलाबी शर्ट दिला. सराफी पेढीतल्या सगळ्यांना गुलाबीच, हे मान्य. पण मी बसणार मागच्या खोलीत संगणकापुढे. गिऱ्हाईक मला बघणार नाही, मी गिऱ्हाइकाला बघणार नाही. मग व्याकरणाची सूत्रं पाठ असलेल्या माणसाने पन्नाशीनंतर गुलाबी का व्हावं? विनीता, तू हसशील. दोघांनी रोजनिशी लिहायची आणि दिवाळीत अदलाबदल करायची ठरलं आहे, म्हणून तुझ्या हसण्याची सोय करून ठेवतो. तू देगलूरला शाळा सांभाळ, मी इथे लेक सांभाळतो.

बाकी उत्तम. उर्वीचा डॉक्टरकीच्या प्रवेशाचा, 'नीट'चा क्लास हाकेच्या अंतरावर. खोली पहिल्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी. घरमालक साहेबराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भाड्याआधी कॉलमची जाडी सांगितली. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं गाव गेलं. स्वतः मात्र अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. विचारलं तर म्हणाले, गुरुजी, बिल्डिंग पक्की हाय, भरोसा न्हाई तो माझा मला.

१३ जून
आमच्या शाळेतला संस्कृतचा तास बंद पडला आणि मी ही विद्या शिकलो: दागिना घडण्याआधी संगणकावर त्याचं हुबेहूब चित्र करायचं. आकार काढायचा, त्याला सोन्याचा पोत द्यायचा, त्यावर उजेड सोडायचा. गंमत अशी की सोन्याला स्वतःचं रूप फार थोडं. भोवती जे असेल तेच ते दाखवतं. म्हणून दागिन्याभोवती कुठल्यातरी जागेचा चहूबाजूंनी घेतलेला गोल फोटो गुंडाळावा लागतो. आयते फोटो मिळतात, सगळे परदेशी. मालक बसलिंगप्पांनी माझी पहिली गळ्यातली सरी पाहिली आणि विचारलं, सर, हिच्यात हॉटेल दिसायलंय, आपली बाई सरी घालून हॉटेलात ऱ्हाती का? घरचा उजेड आना. ज्यासाठी वेदान्त्यांना टीकांवर टीका लिहाव्या लागल्या, ते या गृहस्थाने एका वाक्यात उरकलं.

उर्वी क्लासला गेल्यावर मी आमच्याच खोलीचा गोल फोटो काढला. सकाळचं ऊन, टेबल, रिकामी खुर्ची.

१६ जून
चित्र आधी रवाळ उमटतं, मग हळूहळू निवळत जातं. सरी निवळली तेव्हा मीच खूश झालो. हात लावला तर गार लागेल अशी. फक्त तिच्या वळणात आमची खोली दिसते, आणि खोलीतल्या खुर्चीवर उर्वी बसली आहे. गळ्यात हिरवी ओढणी.

मूळ फोटो पुन्हा उघडला. खुर्ची रिकामी. उर्वीकडे हिरवी ओढणी नाहीच. चष्म्याचा नंबर वाढला असावा. वयानुसार काहीतरी वाढायचंच. पगार नाही तर नंबर.

१७ जून
उर्वी हिरवी ओढणी घेऊन आली. क्लासमधल्या लुंबिनीने दिली म्हणे. मी बघतच राहिलो तर म्हणाली, बाबा, ओढणी आहे, साप नाही.

२१ जून
आज पेढीचा लॅपटॉप घरी आणून कडं केलं. भोवती तोच फोटो. खुर्चीवर उर्वी, आणि तिच्या मागच्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत भेग. मान वळवून खरी भिंत पाहिली. कोरी. तरी हात फिरवून पाहिला.

२३ जून
दुपारी जमीन गुरगुरली. भांडी वाजली, शेजारची पोरं ओरडत जिन्यावरून धावली. मग सगळं शांत. भिंतीला भेग पडली आहे. तीच. तिचं वळणसुद्धा तेच.

साहेबरावांनी तिच्यावरून बोट फिरवलं, प्लास्टरची हाय म्हणाले. मग जिना उतरून शेडमध्ये गेले.

२४ जून
अंगठी. छत खाली आलेलं. खुर्ची दिसत नाही. ढिगाऱ्यात हिरवं काहीतरी—

मी संगणक बंद केला.

२५ जून
उर्वीला सगळं सांगितलं. देगलूरला चल म्हणालो. आधी हसली, मग रडली, मग भडकली. सगळा महाराष्ट्र पोरं घेऊन या गावात येतोय आणि तुम्ही मला परत नेताय, त्या कार्टून सोन्यासाठी? शेवटी खोली बदलायला कबूल झाली. लुंबिनीच्या मावशीकडे तळमजल्यावर. तुला कळवलं नाही, विनीता. काय कळवणार?

२७ जून
नव्या खोलीत राहायला आलो, तिचाही फोटो काढला. तोच कड्या-अंगठीचा खेळ. तीही पडलेली. आत हिरवं.

नांदेडहून अनयकडून त्याच्या घराचा फोटो मागवला. माझाच भाऊ, कारण विचारलं नाही. तेही—

२८ जून
म्हणजे खोलीचा प्रश्न नाही. तिला जिथे न्यायचं ठरवतो तिथे— की मी फोटो काढतो म्हणून? आधी कोण, कार्य की कारण? यावर मी पोरांना तासभर शिकवत असे. आता एक वाक्य सुचत नाही.

बसलिंगप्पांना दाखवलं. त्यांना नुसती भिंत दिसते, ऊन दिसतं. ढिगारा दिसत नाही. सर, लई भारी झालंय म्हणाले. घरी जाऊन झोपा म्हणाले.

३० जून
छतच नको. गावाबाहेर मोकळं मैदान पाहिलं. तिथे तंबू ठोकीन, अभ्यास तिथेच. लोक हसोत. फोटो काढला, सरीभोवती गुंडाळला.

रवाळ. मग निवळायला लागलं. ढिगारा नाही. भिंत नाही. आभाळ. मी देवाचं नाव घेतलं.

मग माणसं दिसली. एक मी. शेजारी तू, विनीता. मी तर तुला बोलावलंही नाही. तू माझा हात धरून उभी.

थांबलो. आणखी निवळू दिलं. पूर्ण निवळलं.

दोघंच.

२ जुलै
तुझा फोन आला. अनयने काहीतरी सांगितलं म्हणालीस. रजा टाकलीस, बसमध्ये आहेस, उदगीर मागे पडलं. परत जा म्हणालो. का, म्हणालीस. ओरडलो तुझ्यावर. फोन कट झाला. पुन्हा लावला, लागत नाही—

उर्वी समोर वाचत बसली आहे. मान वर करत नाही. बाहेर कुत्री एकाएकी गप्प—

भूकंपाला मी भीत नाही. छतालाही नाही, त्या सोन्यालाही नाही. विनीता, मला भीती वाटते ती एवढीच, की आपली उर्वी आपल्याआधी—