मुंगी मेली ती वाटी

आई,

वर 'प्रिय' लिहिणार होते. रीत असते म्हणून पेन टेकवलंसुद्धा, पण हात पुढे सरकेना. सून म्हणून जन्मभर तुम्हाला 'आई' म्हटलं, तेवढं बास झालं.

आज लिहायला बसले ती तुमच्या दहाव्यामुळे. पवनारला धाम नदीच्या काठी तुमचा पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून कावळे नुसते बघत होते मेले. तुमच्या मुलानं हात जोडून गावजेवणाचा शब्द दिला, तरी नाही. मग तुमच्या धाकट्या जावेनं, शांताकाकूंनी, मला कोपरानं ढोसलं. "म्हण ना वं, वाटी प्राचीच्या पोराले देतो म्हणून. बुढीचा जीव त्या वाटीत अडकून राह्यला." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी पदर सावरला आणि नदीकडे बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं तुमचं. मेलेल्या सासूला सुनेनं एवढाही शब्द देऊ नये का, अशी कुजबुज झाली. देणार आहे, आई. पण आधी माझं ऐकून घ्या.

तेरवीला तर तुमचे काय गुण गायले लोकांनी! अर्ध्या गावाची लेकरं म्हणे तुमच्या पायांवर न्हाली. तान्ह्या पोराला बुढीचा हात लागला की पोर सुधारलंच म्हणून समजा. मी वाढत होते. वरण वाढता वाढता ऐकत होते.

तेवढ्यात माझ्या प्राचीच्या बाळानं दूध काढलं. पिऊन झालं, प्राचीनं खांद्यावर घेतलं, आणि ओठाच्या कडेनं फाटक्या दह्यासारखा घोट आला तिच्या साडीवर. बाळ आपलं मजेत, हसतंय. शांताकाकू लगेच म्हणाल्या, लेकरू दूध फेकून राह्यलं, दूध पाहून घे तिचं एकदा, वाटी आहे ना घरात? प्राचीनं मला विचारलं, "आई, कोणती वाटी गं?"

माझ्या लेकीला माहीत नाही, आई. तिला एक मोठा भाऊ होता हेसुद्धा तिला धड कुणी सांगितलेलं नाही. या घरात त्याचं नाव घ्यायला तुम्ही बंदी केली होती ना?

गणू आठवतो का तुम्हाला? केळझरच्या गणपतीला नवस बोलले होते म्हणून गणेश. मांड्यांना वळ्या पडल्या होत्या त्याच्या. तोही असाच, प्यायला की घोटभर बाहेर काढायचा आणि हसायचा. एकदा तुमच्या नव्या लुगड्यावर काढलं. तुम्ही तोंड वाकडं केलंत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आळीतल्या बाया बोलावून घेतल्यात. मला वाटलं, हळदीकुंकू असेल.

सगळ्यांच्या मधोमध बसवलंत मला. ती काशाची वाटी पुढे धरलीत आणि म्हणालात, पीळ. माझं दूध त्यात घेतलंत, अंगणातल्या लिंबावरून काळी मुंगी आणून सोडलीत. ती बिचारी पाय झाडत राहिली, मग थांबली. तुम्ही वाटी सगळ्या बायांना फिरवून दाखवलीत, लग्नातली साडी दाखवावी तशी.

"हिच्या दुधात इख आहे," म्हणालात. "पोरगं म्हणून फेकते."

मी विसाव्या वर्षाच्या आतबाहेरची पोर. मला खरंच वाटलं हो! माझ्याच अंगात विष आहे, आणि मी ते माझ्या लेकराला पाजतेय, असं वाटून मी तुमचे पाय धरले. तुमचे पाय, आई. या गोष्टीची चीड मला अजून येते.

तुम्ही माझी छाती फडक्यानं करकचून बांधलीत आणि गणूला गाईचं दूध सुरू केलंत. पायांवर उताणा घ्यायचा, डोकं खाली, आणि बोंडलं लावायचं, ते चोचीचं भांडं. तो तोंड फिरवायचा, तुम्ही गाल दाबायच्या. तो आणखीच ओकायचा. ओकला की तुम्ही म्हणायच्या, पोट रिकामं झालं, आणि पुन्हा ओतायच्या. मी दाराआड उभी असायचे आणि बांधलेल्या फडक्यातून दूध गळून पोलकं भिजायचं. दाराआड उभी राहिले, कारण तुमच्या पोराला तुम्ही बजावलं होतं, हिला जवळ येऊ देऊ नको.

मग एका दुपारी त्याला ठसका लागला आणि तो ठसका काही गेला नाही. ओठ निळे पडले. तुम्ही पाठीत धपाटे घातलेत, देवाचं नाव घेतलंत. जीप करून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. दूध फुप्फुसात गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईचं दूध कोणी बंद केलं? तुमचा मुलगा जमिनीकडे बघत बसला. आणि तुम्ही काय म्हणालात? हिचंच दूध बाधलं त्याला, बाई.

गणू गेला, आणि गावात मी विखारी दुधाची झाले. बारशाला मला बोलावणं बंद. कुणाचं तान्हं घ्यायला हात पुढे केला की बाई हसून पोर दुसरीकडे वळवायची. तुम्ही मात्र पोरं न्हाऊ घालत राहिलात, तेच पाय पसरून. लाज कशी वाटली नाही हो?

प्राचीच्या वेळी मी माहेरी गेले आणि तिचं अंगावरचं सुटेपर्यंत आलेच नाही. तीही काढायची दूध. मी घाबरून त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी वजन केलं, पोट चाचपलं आणि हसल्या. पोटाच्या बरणीचं झाकण अजून सैल आहे, म्हणाल्या, वर्षाची होईतो आपोआप घट्ट होईल. थोडंथोडं पाज, प्यायली की उभी धर, ढेकर काढ. हिरवं काढलं, रक्त दिसलं, जोरात फेकायला लागली किंवा वजन थांबलं तरच धावत ये. औषध काय, म्हटलं, तर म्हणाल्या, तुझं दूध.

एवढंच होतं, आई. खांद्यावर उभं धरायचं होतं.

माहेरी मी मुंगी गाईच्या दुधात टाकून पाहिली. मेली. शेळीच्या दुधात मेली. साध्या पाण्यातही मेली. माझ्या आईनं ते पाहिलं आणि ती पदरात तोंड घालून रडली.

तरी मी म्हणत होते, अडाणी बाई, तिला काय कळणार. तुमचं मांडीचं हाड मोडून तुम्ही बाजेवर पडलात, तेव्हासुद्धा हेच म्हणत मी तुमचं केलं. मग एका सकाळी पेज भरवताना तुम्ही आपणहून बोललात.

"माह्याबी वाटीत मुंगी मेलती. माह्या सासूनं टाकलती. माहं पहिलं पोरगंबी असंच गेलं. तवाच समजलं मले, मुंगी मरतेच म्हणून."

मी विचारलं, "मंग मले काऊन केलं?"

"माह्यावर बितलं, तं तुले काऊन सुटका?"

तुमच्या ओठावर पेज लागली होती. मी ती पुसली आणि पुढचा चमचा भरवला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं! न कळून केलं असतं तर मी कधीतरी विसरले असते. तुम्ही जाणून माझा गणू घेतलात, निव्वळ बरोबरी करायला.

त्यानंतर मी तुम्हाला जास्तच जपलं, आठवतं? पाठीला उशा लावून उठवून बसवायची, घोट घोट पाजायची, पाठीवरून हात फिरवायची. एकदाही ठसका लागू दिला नाही. लोक म्हणाले, सून असावी तर अशी. माया समजू नका. जे बोललात ते उशाशी घेऊन तुम्ही पुष्कळ दिवस पडून राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

आता शब्द देते.

वाटी प्राचीच्या पोराला मिळणार नाही. आज संध्याकाळी प्राचीला जवळ बसवून गणूचं सगळं सांगेन, तुमच्या फोटोसमोर. तिचं बाळ तिथेच पिईल, तिच्या खांद्यावर ढेकर देईल, आणि काढलंच दूध तर मी माझ्या पदरानं पुसेन. वाटी माझ्याकडे राहील. दर वर्षी पितृपक्षात तुमचं पान वाढीन, भजी, वडे, खीर, काही कमी पडू देणार नाही. आणि पानात ती वाटी ठेवीन, दूध भरून, वर काळी मुंगी सोडून.

तुमचा जीव त्या वाटीत अडकलाय म्हणतात ना? तिथेच राहू द्या.

गणूची आई