अडीच नंबरची नळी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्याला बढती मिळाली. इस्पितळासाठी सुयांपासून टाक्यांच्या दोऱ्यापर्यंत काय घ्यायचं, ते आता मी ठरवतो. मला साधी भाजी निवडता येत नाही म्हणून हसायचीस ना? आता बोल!

भांडारात पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडाभर यादी घेऊन बसलो. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेत घालायची सगळ्यात बारीक, अडीच नंबरची नळी वर्षात एकदाच लागली. बाकीच्या मुदत संपून फेकल्या. काढून टाकली यादीतून. तीन नंबरची आहेच.

गुडघ्याला तेल चोळायचा आळस करू नकोस.

तुझाच,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बढतीचं वाचून ऊर भरून आला. नळीचं वाचलं आणि ताट सारून लिहायला बसले. बाळंतपणाच्या खोलीत तीस वर्षं काढली मी. कमी लागणारी वस्तू म्हणजे नको असलेली वस्तू नव्हे रे. किलोच्या आतल्या बाळाला तीनची जात नाही. परत मागव, आजच.

गुडघा कुरकुरतो, माझ्यासारखाच.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी हसलो होतो. ताई चिंधीसुद्धा टाकणार नाही, असं बायकोला म्हणालो. नळी पुढच्या यादीत घालू म्हणून ठेवलं.

सोमवारी दुपारी एक बाई सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी, साडेआठशे ग्रॅम. परिचारिका धावत भांडारात आली. अडीचची नाही, म्हणालो. डॉक्टरांनी तीनची दोनदा घालून पाहिली, जाईना. मग नाकातोंडावर धरायच्या फुग्यानं हवा देत राहिले. दुसऱ्या इस्पितळातून नळी घेऊन गाडी आली, तेव्हा मुलगी जाऊन वीस मिनिटं झाली होती.

मला कुणीच बोललं नाही. नळी असती तरी ती जगलीच असती असं नाही, असं साहेब म्हणाले. खरंही असेल. पण मला राहवेना. काल वॉर्डात जाऊन त्या नवराबायकोला सांगितलं, की नळी मी काढली. नवरा उठून बाहेर गेला. तिनं एवढंच विचारलं, की नळी घालताना मुलीला दुखलं का.

काय सांगू तिला?

धाकटा

२५ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुला रागावून लिहिलेला कागद फाडला.

दुखलं असणार. आम्ही बाळ गेलेल्या आयांना दुखलं नाही म्हणून सांगायचो. एकीचाही माझ्यावर विश्वास बसला नाही. मुलीजवळ जी होती, त्या परिचारिकेला घेऊन जा. जे घडलं तेवढंच सांगा. आणि बाळाची आई जा म्हणेपर्यंत तिथून हलू नकोस.

तुझी,
ताई

३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

गेलो. टाके पिकल्यामुळे ती बाई अजून वॉर्डातच आहे. परिचारिकेनं सांगितलं, की दुखलं. पहिल्यांदा मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं. नंतर तिनं परिचारिकेचं बोट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

कुठलं बोट, असं बाईनं विचारलं. मग ते बोट मुठीत घेऊन ती बसून राहिली. मला ती जा म्हणाली नाही, आणि बस असंही म्हणाली नाही. मी उभा होतो.

धाकटा